‘नेट आहे का?’ हा प्रश्न प्रोग्रामने कसा विचारावा



आमच्या विद्यालयात हल्ली सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे : ‘नेट नाही.’ शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला, कारण नेट नाही. फीची पावती निघाली नाही, कारण नेट नाही. ग्रंथालयाची नोंद झाली नाही, कारण नेट नाही. या दोन शब्दांमागे निदान पाच वेगवेगळी कारणे दडलेली असू शकतात. ती वेगळी करता आली नाहीत तर विद्यार्थ्याची शेवटची तारीख निघून जाते, पालकांच्या खात्यातून एकच फी दोनदा कापली जाऊ शकते आणि विश्वस्तांपुढे नको त्या खरेदीचा प्रस्ताव येतो.

यंदा आमच्या संगणक वर्गातील मुले ग्रंथालयासाठी एक छोटा प्रोग्राम तयार करीत आहेत. पुस्तक दिले किंवा परत घेतले की त्याची नोंद इंटरनेटवरील सर्व्हरवर जाईल, अशी योजना आहे. अट एकच घातली आहे. हा प्रोग्राम प्रयोगशाळेतील विंडोजच्या संगणकांवर, लिनक्सच्या संगणकांवर आणि शिक्षकांच्या अँड्रॉइड फोनवर सारखाच चालला पाहिजे. साहजिकच मुलांचा पहिला प्रश्न आला, ‘प्रोग्रामला नेट आहे की नाही हे कसे कळावे?’ प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर सर्वांनीच समजून घेण्यासारखे आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. संगणकाचे पारिभाषिक शब्द आम्हालाही नंतरच शिकावे लागले. म्हणून येथे शक्य तितक्या साध्या भाषेत लिहीत आहोत.

नळाचे उदाहरण

आपल्या इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून येते. घरातला नळ सोडला आणि पाणी आले नाही, तर आपण लगेच ‘नर्मदा आटली’ असे म्हणत नाही. आधी गच्चीवरची टाकी पाहतो, मग मोटर पाहतो, मग शेजाऱ्यांकडे चौकशी करतो, मग कॉलनीच्या टाकीला पाणी आले का ते विचारतो. कुठल्या टप्प्यावर पाणी अडले ते कळले की उपाय आपोआप सुचतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद असेल तर नगर निगमला फोन करून उपयोग नाही.

इंटरनेटचेही असेच पाच टप्पे आहेत.

पहिला टप्पा : केबल नीट बसलेली आहे का, किंवा वाय-फाय जोडलेले आहे का.

दुसरा टप्पा : राउटरने आपल्या संगणकाला पत्ता दिला आहे का. विंडोजच्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ अशा अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतलेला आहे, असे समजावे.

तिसरा टप्पा : नावावरून पत्ता सापडतो का. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण संगणकाला अंकांचा पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. डीएनएस अडले की बाहेरचा रस्ता मोकळा असूनही एकही संकेतस्थळ उघडत नाही.

चौथा टप्पा : राउटरपासून पुढे, सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत बाहेरच्या जगापर्यंत रस्ता मोकळा आहे का.

पाचवा टप्पा : ज्या सर्व्हरकडे काम आहे, तो सर्व्हर चालू आहे का आणि योग्य उत्तर देतो आहे का.

या पाचांपैकी कोणताही एक टप्पा तुटला तरी माणूस म्हणतो, ‘नेट नाही.’

या पाचव्या टप्प्याचे एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुकची केंद्रे एकमेकांपासून तुटली आणि त्यांचे डीएनएस सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले. ज्यांचा सारा इंटरनेट-व्यवहार व्हॉट्सॲपपुरता असतो, अशा कितीतरी घरांत त्या रात्री राउटर बंद-चालू केले गेले असतील. इंटरनेट मात्र सर्वत्र चालू होते.

संगणक स्वतः कशी खात्री करतो

पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे इंटरनेटचे चिन्ह कशावरून ठरते? विंडोजमध्ये व्हिस्टा आवृत्तीपासून (२००७) त्यासाठी एक सोय आहे. संगणक मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून एक चिमुकली फाइल मागवतो. फाइलमधला मजकूर ठरल्याप्रमाणे आला तर इंटरनेट आहे असे मानतो. ॲपलची यंत्रे एक पान मागवतात, त्यावर ‘सक्सेस’ एवढाच शब्द असतो. अँड्रॉइड गुगलच्या एका पत्त्याला विचारतो आणि त्याला २०४ या क्रमांकाचे उत्तर हवे असते. या क्रमांकाचा अर्थ ‘निरोप मिळाला, पाठवायला मजकूर काही नाही’ असा होतो. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांतही अशीच व्यवस्था आहे.

येथे मुलांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. नुसते उत्तर आले एवढ्यावर ही यंत्रे समाधान मानत नाहीत, ठरलेलेच उत्तर आले का हे तपासतात. याचे कारण रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात दिसते. तिथले वाय-फाय जोडले की आधी मोबाइल क्रमांक विचारणारे पान समोर येते. क्रमांक देईपर्यंत आपण कुठलेही संकेतस्थळ मागितले तरी बहुधा तेच पान पुढे येते. ज्या प्रोग्रामला फक्त ‘काहीतरी उत्तर आले’ एवढेच कळते, तो त्या पानालाच सर्व्हरचे उत्तर समजेल आणि नोंद पोहोचली असे खुशाल सांगून मोकळा होईल. ग्रंथालयाच्या बाबतीत एक पुस्तक हरवेल. परीक्षेच्या अर्जाच्या बाबतीत वर्ष वाया जाईल.

पण हे चिन्हही अचूक असतेच असे नाही. २०२० मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीत असा दोष निघाला की इंटरनेट व्यवस्थित चालू असतानाही चिन्ह ‘इंटरनेट नाही’ असे दाखवू लागले. ब्राउझरमध्ये संकेतस्थळे उघडत होती, मात्र जी ॲप्स या चिन्हावर विसंबून होती त्यांनी काम करायलाच नकार दिला. म्हणजे ‘आहे’ हे उत्तर चुकू शकते तसेच ‘नाही’ हेही चुकू शकते.

तयार सोयी आणि त्यांच्या मर्यादा

प्रोग्राम लिहिण्याच्या बहुतेक भाषांत ‘नेटवर्क आहे का’ असे विचारण्याची तयार सोय असते. मुले ती शोधून काढतात आणि काम संपले असे समजतात. त्या सोयी नेमके काय सांगतात ते पाहू.

ब्राउझरमध्ये ‘ऑनलाइन’ आहे का हे सांगणारी एक खूण असते. ती ‘नाही’ म्हणाली तर बहुतेक वेळा खरे असते. ती ‘हो’ म्हणाली तर त्याचा अर्थ एवढाच की संगणक कुठल्या तरी नेटवर्कला जोडलेला आहे. राउटरच्या पुढचा रस्ता बंद असला तरी ती ‘हो’च म्हणेल. डॉट नेटमधली अशीच सोय कुठलेही एक नेटवर्क कार्ड चालू दिसले की समाधान मानते. आपल्या पाच टप्प्यांपैकी पहिल्या एक-दोन टप्प्यांपुरतीच ही साक्ष असते.

जावा भाषेचा जन्मच ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ या घोषणेने झाला. तिच्यात २००४ पासून एखादा पत्ता गाठता येतो का हे विचारण्याची सोय आहे. पण प्रोग्रामला तशी परवानगी असेल तर ती पिंगसारखा निरोप पाठवते आणि नसेल तर समोरच्या संगणकाच्या ७ क्रमांकाच्या दारावर टकटक करते. आजचे बहुतेक सर्व्हर त्या दारावरून उत्तरच देत नाहीत. त्यामुळे तोच प्रोग्राम, तेच इंटरनेट, पण एका यंत्रावर उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’, असे घडू शकते.

मग थेट पिंग का वापरू नये? पिंग हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस यांनी अमेरिकेत १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनियंत्राचा जो आवाज होतो त्यावरून त्याचे नाव पडले. माणसाने हाताने तपासण्यासाठी तो आजही उत्तम आहे. पण आपल्या प्रोग्रामने त्याच्यावर विसंबण्यात दोन अडचणी आहेत. पहिली, अनेक संस्था सुरक्षिततेसाठी पिंगचे निरोप अडवतात आणि बाकी सर्व चालू ठेवतात. दुसरी, प्रत्येक यंत्रणेत त्याची रीत वेगळी आहे. विंडोजमध्ये पिंग चार निरोप पाठवून आपोआप थांबतो, लिनक्समध्ये थांबवेपर्यंत चालूच राहतो. विंडोजमध्ये निरोपांची संख्या ‘एन’ या अक्षराने सांगतात, लिनक्समध्ये ‘सी’ने. लिनक्सवर ‘एन’चा अर्थ निराळाच आहे. ज्या प्रोग्रामला तीन प्रकारच्या यंत्रांवर चालायचे आहे, त्याने हा आधार घेऊ नये हेच बरे.

आधी विचारणे की सरळ काम करणे

समजा, तपासणी अगदी बिनचूक केली. तरी एक अडचण उरतेच. तपासणीच्या क्षणी इंटरनेट होते, पण नोंद पाठवण्याच्या क्षणी असेलच याची हमी कोण देणार? मधल्या एका सेकंदात लाइट जाऊ शकते. सराफ्यात दुकान उघडे आहे का हे पाहायला एकदा जायचे, घरी परत यायचे आणि मग जिलबी आणायला पुन्हा जायचे, असे कोणी करीत नाही. आपण थेट पैसे घेऊन जातो. दुकान बंद असले तर काय करायचे, हे मात्र मनाशी ठरलेले असते.

प्रोग्रामनेही तेच करावे. ‘नेट आहे का’ असे आधी विचारत बसण्याऐवजी जे काम करायचे आहे ते थेट करून पाहावे आणि ते झाले नाही तर पुढे काय, याची पूर्ण तयारी ठेवावी. सर्व्हरकडे साधी विनंती पाठवणे आणि त्याचे उत्तर वाचणे हे विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सर्वांवर एकाच रीतीने करता येते. म्हणून सर्व यंत्रांवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी हाच मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. विनंतीही ज्या सर्व्हरशी काम आहे त्यालाच करावी. गुगल उघडते म्हणून आपला सर्व्हर चालू आहे असे ठरत नाही.

आमच्या मुलांना पुढील सहा नियम दिले आहेत.

१. नोंद आधी स्वतःच्या संगणकावर जतन करावी, मगच पाठवावी. इंटरनेट असो वा नसो, ग्रंथपालांचे काम अडता कामा नये.

२. प्रत्येक विनंतीला वेळेची मर्यादा घालावी, उदाहरणार्थ १० सेकंद. मर्यादा न घातल्यास प्रोग्राम मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ ताटकळू शकतो. पायथॉन भाषेत यासाठी वापरली जाणारी ‘रिक्वेस्ट्स’ ही लोकप्रिय लायब्ररी तर मर्यादा न सांगितल्यास स्वतःहून थांबतच नाही.

३. पाठवण्याचे काम पडद्यामागे चालावे, म्हणजे पडदा गोठत नाही. अँड्रॉइडने तर जुन्या काळापासूनच मुख्य कामाच्या धाग्यात नेटवर्क वापरण्यास ॲप्सना मनाई केली आहे. शिवाय अँड्रॉइडवर इंटरनेट वापरण्याची परवानगी प्रोग्राममध्ये आधी नोंदवावी लागते. ती विसरली तर फोनवर इंटरनेट असूनही प्रोग्रामला ते मिळणार नाही.

४. आलेले उत्तर तपासावे. आपल्या सर्व्हरने ठरलेली खूण पाठवली तरच ‘पोहोचले’ म्हणावे.

५. नाही पोहोचले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा : २ सेकंद, ४, ८, १६ असा. त्यात प्रत्येक संगणकाने आपापला एखादा सेकंद मनाने मिळवावा. नाहीतर लाइट आल्याबरोबर सगळे संगणक एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतील आणि तो पुन्हा बसेल.

६. प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यावा. कधी कधी नोंद पोहोचते, पण पोहोच परत येताना वाटेत हरवते. प्रोग्राम बिचारा तीच नोंद पुन्हा पाठवतो. क्रमांक एकच असला की सर्व्हर ओळखतो की ही जुनीच नोंद आहे, आणि ती दुसऱ्यांदा धरत नाही. पालकांनी फी भरताना बटण दाबले, पान अडकले, म्हणून पुन्हा दाबले, अशा वेळी पैसे एकदाच कापले जाणे किंवा दोनदा जाणे हे बरेचसे याच नियमाच्या पाळण्यावर अवलंबून असते.

यंत्रणेकडून मिळणारी ‘नेटवर्क बदलले’ ही सूचना निरुपयोगी आहे असे नाही. ती मिळताच थांबलेल्या नोंदी लगेच पाठवून पाहाव्यात. मात्र केवळ तिच्या भरवशावर काम नाकारू नये.

खरे तेवढेच सांगावे

मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली आहे. काम झाले नाही तर प्रोग्रामने सरसकट ‘नेट नाही’ असे लिहू नये. त्याला जेवढे खरोखर कळले तेवढेच सांगावे. ‘सर्व्हरचे नाव सापडले नाही.’ ‘१० सेकंदांत उत्तर आले नाही.’ ‘उत्तर आले, पण ते आपल्या सर्व्हरचे नाही, वाय-फायचे लॉगिन बाकी आहे का ते पाहा.’ आणि प्रत्येक वेळी पुढचे वाक्य असावे, ‘आपली नोंद या संगणकावर सुरक्षित आहे.’ वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो तो या शेवटच्या वाक्याने. अर्थात ते वाक्य खरे असले पाहिजे, म्हणूनच पहिला नियम पहिल्या क्रमांकावर आहे.

पालकांना विनंती अशी की घरी अर्ज किंवा फी भरताना अडचण आली तर संदेश जसाच्या तसा लिहून ठेवावा किंवा पडद्याचा फोटो काढावा, आणि पैशाचा व्यवहार असेल तर बँकेचे खाते पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा बटण दाबू नये. पाल्याने ‘नेट नव्हते’ म्हटल्यास त्याच्यावर रागावण्यापूर्वी ‘कोणता टप्पा अडला होता?’ एवढे विचारावे. मूल खरे सांगत असेल तर त्याला सांगता येईल, आणि सांगता येत नसेल तर शिकण्याची ही चांगली संधी आहे.

विश्वस्त मंडळासाठी एक निवेदन. दुसऱ्या कंपनीची आणखी एक इंटरनेट-जोडणी घ्यावी, अशी सूचना वारंवार येते. ती चौथ्या टप्प्याच्या अडचणीवरच खरा उपाय ठरते. केबल सैल असेल, राउटर पत्ता देत नसेल किंवा समोरचा सर्व्हरच बंद असेल, तर दुसऱ्या जोडणीचा काही उपयोग होणार नाही. लाइट गेल्यावर राउटर बंद पडत असेल तर एका छोट्या यूपीएसने काम भागते. म्हणून प्रयोगशाळेत एक नोंदवही ठेवत आहोत : तारीख, वेळ, कोणता टप्पा अडला, किती वेळ अडला. चार आठवड्यांच्या नोंदी हाती आल्यावरच खर्चाचा प्रस्ताव मंडळापुढे ठेवू.

प्रोग्राम तयार झाला की मुले त्याची परीक्षा सर्वांसमक्ष घेतील. एक जण केबल काढेल, दुसरा राउटर बंद करेल, तिसरा सर्व्हरचे नाव मुद्दाम चुकीचे लिहील आणि चौथा सर्व्हर मध्येच थांबवेल. दरवेळी पडद्यावर काय संदेश येतो आणि नोंद टिकते का, ते पाहायचे आहे. विंडोज, लिनक्स आणि फोन, तिन्हींवर एकसारखा निकाल आला तरच तो ग्रंथालयात बसवला जाईल. त्या दिवशी पालकांनी आणि विश्वस्तांनी आवर्जून यावे. केबल काढण्याचे काम पाहुण्यांनी केले तरी चालेल.